वाचवलेला पगार कोण भरतो?

माध्यमिक शाळेत लिपिक हवा कशाला, हा प्रश्न अलीकडे उघडपणे विचारला जातो. सरकारी खर्चाची काटछाट सुचवणारे तो विचारतात, शिक्षण सुधारू पाहणारे विचारतात आणि कधी कधी खुद्द शिक्षकही विचारतात. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा: शाळा चालते ती शिक्षकांवर. सरकारच्या तिजोरीत पैसा मोजका, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा फार मोठा वाटा पगारात जातो. मग त्यातला प्रत्येक रुपया फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसावर खर्च व्हावा, खिडकीआड बसणाऱ्यावर कशाला? आता सगळा कारभार ऑनलाइन झाला आहे. जुन्या काळी चार वह्या सांभाळायला माणूस लागे, आज एक संगणक पुरतो. उरलेसुरले काम कंत्राटावर किंवा ठोक भत्त्यावर करून घ्यावे. पद गेले की पदासाठी होणारे व्यवहारही जातील. संस्थेला लिपिक हवाच असेल तर तिने स्वतःच्या खिशातून ठेवावा.

हा युक्तिवाद खुळचट नाही. मांडणारे सगळे शिक्षणाचे शत्रू आहेत असेही नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: लिपिकाचे पद रद्द केले किंवा रिकामे ठेवले की त्याचा पगार वाचतो. तो वाचत नाही. पदाबरोबर काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि त्याची किंमत कोणीतरी वेगळा माणूस भरतो. कधी तासाला न मिळालेल्या शिक्षकाच्या रूपाने वर्गातली मुले भरतात, कधी चुकलेल्या दाखल्यापायी पालक भरतात आणि कधी जास्त दराने स्वतः सरकारच भरते. आपली तक्रार लिपिकांच्या बाजूने नसून या खोट्या हिशेबाविरुद्ध आहे.

आधी संगणकाचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचे सारे त्याच्या आधाराने उभे आहे.

जूनमध्ये आठवीला एक मुलगी दुसऱ्या गावाहून माध्यमिक शाळेत येते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला तपासायचा, जनरल रजिस्टरात नोंद करायची, नवा क्रमांक द्यायचा. मग जुन्या शाळेकडून तिची ऑनलाइन नोंद आपल्याकडे वळवून घ्यायची. शाळांच्या माहितीच्या यू-डायस प्लस पोर्टलवर माहिती भरायची. आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळते का ते पाहायचे. एकीकडे वडिलांचे नाव आहे, दुसरीकडे नाही, किंवा जन्मतारखेत फरक आहे, तर पालकांना बोलावून दुरुस्ती करवून घ्यायची. अपार आयडी या विद्यार्थी-ओळखक्रमांकासाठी पालकांचे संमतिपत्र घ्यायचे. मुलगी मागासवर्गीय असेल तर सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसाठी तिची माहिती पाठवायची, बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही ते बघायचे. एसटीने येणार असेल तर अहिल्यादेवी होळकर योजनेच्या मोफत पाससाठी तिचे नाव यादीत घालायचे. आठवीपर्यंत पोषण आहार आहे, म्हणजे रोजची उपस्थिती आणि शिजलेल्या धान्याचा हिशेब. दोन वर्षांनी दहावीचा अर्ज, मंडळाकडून आलेली पूर्वयादी, त्यावरच्या दुरुस्त्या, शुल्क, प्रवेशपत्र. हे झाले एका मुलीचे. याशिवाय शालार्थ या वेतनप्रणालीवरची पगारबिले, सेवापुस्तके, भविष्य निर्वाह निधीची प्रकरणे, निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव, कॅशबुक, आवक-जावक, लेखापरीक्षणाच्या हरकती, माहिती अधिकाराचे अर्ज आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातून 'आजच्या आज' मागवलेली माहिती.

यातले संगणकामुळे कमी काय झाले? शाळांच्या माहितीचे 'सरल' पोर्टल २०१५ मध्ये आले तेव्हा सांगितले गेले की एकदा माहिती भरली की पुन्हा पुन्हा मागणार नाही. नाव 'सरल' ठेवले तेही त्याच भरवशावर. त्यानंतर पोर्टलांची संख्या वाढतच गेली. प्रत्येक खात्याने आपले वेगळे पोर्टल काढले, वेगळा लॉगिन, वेगळा पासवर्ड, वेगळी अंतिम मुदत. कागदही गेला नाही. जनरल रजिस्टर हाताने लिहावेच लागते, सेवापुस्तक ठेवावेच लागते, आणि ऑनलाइन भरलेल्या माहितीची सही-शिक्क्याची प्रत अनेकदा वर पाठवावीच लागते. संगणकाने लिहिण्याचा वेग वाढवला, त्याचबरोबर मागणाऱ्याला मागणे फुकट करून टाकले. पूर्वी तालुक्याहून माहिती मागवायची तर पत्र काढावे लागे. आता व्हॉट्सअॅपच्या गटात एक ओळ टाकली की दोनशे शाळा कामाला लागतात. उंटावरून शेळ्या हाकणे इतके सोपे कधीच नव्हते.

आणि या नोंदींवर आता केवळ कार्यालयाची शोभा अवलंबून नाही. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते, आणि संचमान्यतेत आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरण्याचे धोरण सरकारने आणले आहे. वर्गात बसलेले मूल आधारच्या स्पेलिंगमध्ये अडकले तर हिशेबात नाही. अशी पाच-दहा मुले राहिली आणि पटसंख्या निकषाच्या खाली घसरली, तर शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणजे ज्या नोंदीच्या कामाला बिनमहत्त्वाचे समजून आपण माणूस काढून घेतो, त्याच नोंदीच्या चुकीने शिक्षकाचे पद जाते. शिक्षकांना पैसा मिळावा म्हणून लिपिक काढा म्हणणाऱ्यांनी या टप्प्यावर थांबून विचार करावा.

आता हे काम लिपिकाशिवायच्या शाळेत कोण करते? मुख्याध्यापक करतात, आणि त्यांच्याने झाले नाही की 'ज्याला संगणक येतो' तो शिक्षक करतो. हे शाळाशाळांतले उघड गुपित आहे. गणिताचा, विज्ञानाचा किंवा नव्याने लागलेला तरुण शिक्षक एकदा लॅपटॉपपुढे बसला की वर्षभर उठत नाही. त्याचा तास 'ऑफ' जातो, म्हणजे शेजारच्या वर्गाचे शिक्षक दोन वर्ग एकत्र बसवतात किंवा मुलांना 'स्वाध्याय करा' सांगितले जाते. या तासांची नोंद कुठल्याच अहवालात येत नाही, कारण हजेरीपटावर शिक्षक हजर असतो.

पैशाच्या भाषेतच बोलायचे तर सातव्या वेतन आयोगानुसार कनिष्ठ लिपिकाची श्रेणी एस-६ आहे. सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची श्रेणी एस-१४ आहे. सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये. महागाई भत्ता दोघांनाही मूळ वेतनावरच मिळतो, म्हणून प्रमाण तेच राहते. म्हणजे शिक्षकाने लिपिकाचे काम एक तास केले की सरकार त्या तासासाठी जवळजवळ दुप्पट दर देते, आणि वर शिकवण्याचा एक तास गमावते तो वेगळाच. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढणारा तरुण स्वस्त पडतो खरा; माध्यमिकला त्याचे मानधन २०२३ पासून १८,००० रुपये आहे, आणि पोर्टलांचे काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडते. पण तीन वर्षांनी तोही एस-१४ वर येतो, आणि तोवर त्याने शिकवण्याऐवजी शिकलेले असते ते डेटा एंट्रीचे काम. काटकसरीच्या कोणत्या नियमात हे बसते?

कायदाही याच्या बाजूचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिकवण्याशी थेट संबंध नसलेल्या आणि वेळ खाणाऱ्या प्रशासकीय कामांतून शिक्षकांना मोकळे करावे असे म्हटले आहे. पण मोकळे करायचे म्हणजे ते काम दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे. तो दुसरा कोण, याचे उत्तर धोरणाच्या कागदावर कुठे नाही आणि अंदाजपत्रकात तर नाहीच. इंग्लंडमध्ये २००३ साली सरकार, शाळांचे नियोक्ते आणि बहुतेक शिक्षक संघटना यांच्यात करार झाला. शिक्षकांनी नेहमीच्या रिवाजात करू नयेत अशा कारकुनी कामांची यादीच त्यात होती. त्या यादीला अर्थ आला तो शाळांनी सहाय्यक कर्मचारी वाढवले म्हणून. यादी करायची आणि माणूस द्यायचा नाही, हा आपल्याकडचा मार्ग म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार.

दुसरा मुद्दा नोंदींच्या मोलाचा. लिपिकाचे काम हे 'कागदी घोडे नाचवणे' आहे असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा गेल्या काही वर्षांचा इतिहास आठवावा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही कपाटांतून बाहेर काढली गेली. मोडीतली, उर्दूतली, पिवळी पडलेली पाने तपासली गेली. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांना मान्य करावी लागली: कोण्या एका काळी कोण्या एका शाळेत बसून कोणीतरी लिहिलेली एक ओळ पुढच्या चार पिढ्यांचे भवितव्य ठरवू शकते. जात पडताळणी समितीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे ठाऊक आहे. आजोबांचा शाळेचा उतारा मिळाला तर प्रकरण पुढे सरकते. रजिस्टर फाटलेले, गहाळ झालेले किंवा खाडाखोड केलेले असेल तर दक्षता पथक, सुनावणी, न्यायालय अशी वर्षे जातात.

ज्यांच्या घरात जन्मदाखला, मालमत्तेची कागदपत्रे, पारपत्र असे सगळे व्यवस्थित लावून ठेवलेले असते, त्यांना शाळेच्या रजिस्टराची फारशी गरज पडत नाही. ऊसतोडणीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, पालात राहणाऱ्या कुटुंबांतल्या मुलाच्या बाबतीत मात्र बहुतेकदा शाळेचा दाखला हाच सरकारी नोंदीचा पहिला आणि कित्येकदा एकमेव कागद असतो. दहावीच्या परीक्षेला राज्यात दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले बसतात. त्यांच्या गुणपत्रकावर जे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख छापली जाते ती शाळेने पाठवलेल्या माहितीवरून. पूर्वयादी नीट तपासली गेली नाही आणि चूक प्रमाणपत्रावर गेली, की दुरुस्तीसाठी प्रस्ताव, मूळ नोंदीची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि विभागीय मंडळाच्या खेपा. नाशिक विभागीय मंडळाचे कार्यालय नंदुरबारच्या आदिवासी पाड्यापासून किती लांब आहे हे नकाशात पाहावे, म्हणजे एका अक्षराची किंमत काय ते कळेल. ती किंमत लिपिकाचा पगार 'वाचवणाऱ्या' खात्याच्या हिशेबात कधीच धरली जात नाही.

तिसरा मुद्दा भत्त्याचा आणि कंत्राटाचा. इथे अंदाज करत बसायची गरज नाही, कारण महाराष्ट्राने हा प्रयोग शिपाई पदावर केलेला आहे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांत चतुर्थश्रेणीचे पद रिकामे झाले की ते नेहमीच्या पद्धतीने न भरता शाळेला शिपाई भत्ता द्यायचे ठरले. त्यातला सर्वांत खालचा दर महिन्याला ५,००० रुपये. मूळ पदाचे सुरुवातीचे वेतन एस-१ प्रमाणे १५,००० रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने हा भत्ता सोळा दिवसांच्या मातीकामाएवढा होतो. रोजगार हमीचा कायदा देशाआधी स्वतःकडे आणणाऱ्या राज्याने शाळेची घंटा वाजवणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या आणि पाण्याची टाकी भरणाऱ्या माणसाची महिन्याची किंमत एवढी ठरवली. पूर्ण महिना राबायला त्या पैशात कोण येणार? जो येतो तो अर्धवेळ येतो, किंवा चांगले काम मिळताच जातो, किंवा उरलेले पैसे शिक्षक आपसांत वर्गणी काढून देतात. लिपिकाच्या बाबतीत हाच मार्ग धरला तर निकाल वेगळा लागण्याचे कारण दिसत नाही.

उलट लिपिकाच्या बाबतीत धोका जास्त आहे. शिपाई बदलला तर घंटा उशिरा होते. लिपिक दर अकरा महिन्यांनी बदलला तर रजिस्टर कोणाच्या हस्ताक्षरात, कोणाच्या जबाबदारीत, हेच कळेनासे होते. त्याच्या हातात शेकडो अल्पवयीन मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक, बँक खाती आणि शाळेचे सगळे पासवर्ड असतात. चूक किंवा अफरातफर झाली तर कायम कर्मचाऱ्यावर १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू होते, चौकशी होते, वसुली होते. एजन्सीने पाठवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढेच होते. उत्तर द्यायला मुख्याध्यापक उरतात. सरकारी कामांसाठी खाजगी एजन्सींमार्फत माणसे घेण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय राज्यभरच्या संतापानंतर महिना-दीड महिन्यात रद्द करावा लागला होता. जे धोरण मंत्रालयाच्या नावाने टिकले नाही, ते शाळेच्या मागच्या दाराने आत आणू नये.

हा अनुभव आपल्यापुरताच नाही. आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकाअखेरच्या योजनेत काही शाळा-सचिवांचा, म्हणजे तिथल्या लिपिकांचा, पगार थेट शिक्षण खाते देत असे. पुढे तो मार्ग बंद करत आणून शाळांना ठोक अनुदान देण्याची पद्धत रुळली; त्यातून शाळेने आपली माणसे नेमायची. परिणाम असा की शेजारशेजारच्या दोन शाळांत तेच काम करणाऱ्या दोघींना वेगवेगळा पगार, आणि अनेकींना उन्हाळ्याच्या सुटीत पगारच नाही. त्या काळात त्या बेरोजगार म्हणून सरकारी मदत घेत. म्हणजे शिक्षण खात्याने वाचवलेले पैसे समाजकल्याण खाते भरत होते. लांब लढ्यानंतर २०२२ मध्ये करार झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून या कर्मचाऱ्यांना पुन्हा खात्याच्या वेतनपटावर घेतले गेले. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तरीही राहिलाच आणि त्यासाठी २०२५ च्या ऑगस्टअखेर त्यांनी संप केला. ठोक अनुदानाचा मार्ग एका श्रीमंत देशाला परत फिरून यावे लागेल इतका महाग पडला. आपण त्याच रस्त्याला नव्याने लागायचे काय?

चौथा मुद्दा, संस्थेने स्वतः पगार द्यावा. ऐकायला न्याय्य वाटते. पण महाराष्ट्रातल्या माध्यमिक शिक्षणाचा पाया कोणी कसा घातला हे विसरून तो मांडला जातो. माध्यमिक शाळा बहुतांशी सरकारने काढल्या नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, गावोगावच्या लोकांनी जागा दिल्या, इमारती बांधल्या. सरकारशी झालेला अलिखित सौदा असा की जागा-इमारत समाजाची, पगार सरकारचा, आणि त्या बदल्यात शाळेने मुलांकडून फी घ्यायची नाही. देणगी घेण्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. वेतनेतर अनुदान मधली काही वर्षे बंदच होते. २०१३ पासून पुन्हा सुरू झाले, पण त्यात वीजबिल, खडू आणि प्रयोगशाळेची रसायने भागवतानाच मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ येतात. अशा शाळेला 'लिपिक तुमच्या पैशाने ठेवा' म्हणणे म्हणजे पालकांकडून पावतीशिवाय पैसे गोळा करा असे सांगणे. जी संस्था ते करणार नाही तिच्याकडे लिपिक नसेल. जी करील तिला पुढे शिक्षणाधिकारी नोटीस देतील.

आता विरोधकांच्या सर्वांत जोरदार मुद्द्याकडे. लिपिकांच्या नेमणुकांत पैसा चालतो, नातेवाईक लागतात, काही लिपिक पालकांना ताटकळत ठेवतात, दाखल्यासाठी चहापाणी मागतात. हे खोटे आहे असे म्हणण्याचा उद्योग आपण करणार नाही. गावातल्या कोणालाही विचारले तरी तो दोन उदाहरणे देईल. पण नेमणुकांतला गैरव्यवहार हा लिपिकपदाचा गुण नाही, नेमण्याच्या पद्धतीचा दोष आहे. नागपूर विभागात २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण बाहेर आले. खोट्या नेमणुकांवर पगार उचलल्याचे आरोप झाले, अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यावर कोणी शिक्षकांची पदेच बंद करा असे म्हटले नाही. शिक्षकांच्या नेमणुकांतला बाजार रोखायला राज्याने अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आणले. त्यात त्रुटी असतील, विलंब तर आहेच, पण दिशा बरोबर आहे. तीच पद्धत लिपिकांना लावता येते. एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी, संस्थेला निवडीसाठी मोजके उमेदवार. पद रद्द करून भ्रष्टाचार जात नाही. उलट भत्त्यावर कोणाला ठेवायचे हे पूर्णपणे संस्थाचालकाच्या मर्जीवर सोडले की परीक्षा, जाहिरात, मान्यता यांतले कोणतेच बंधन उरत नाही.

लहान शाळांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नये. शंभर-दीडशे मुलांच्या शाळेला पूर्णवेळ लिपिक कशाला, असे विचारले जाते. जानेवारी २०१९ च्या आकृतिबंधात शिक्षकेतर पदांचा हिशेब विद्यार्थिसंख्येवर बसवला आहे, आणि शाळा लहान तितके मनुष्यबळ कमी हे तत्त्व वरवर पाहता ठीक दिसते. पण शाळेतले कार्यालयीन काम दोन भागांचे असते. एक भाग मुलांच्या संख्येप्रमाणे वाढतो: दाखले, अर्ज, शिष्यवृत्त्या. दुसरा भाग शाळेला तीनशे मुले असोत वा तीन हजार, तेवढाच राहतो: यू-डायस भरणे, पगारबिल, लेखापरीक्षण, पोषण आहाराचे हिशेब, संचमान्यता, मंडळाशी पत्रव्यवहार. पोर्टलांच्या काळात हा दुसरा भाग सतत फुगत गेला. म्हणून लहान शाळेवर त्याचा भार तुलनेने अधिक पडतो, आणि मनुष्यबळ मात्र तिलाच कमी मिळते. टप्पा अनुदानावरच्या शाळांची गत त्याहून वाईट. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढला गेला, २०१६ पासून वीस टक्क्यांनी अनुदान सुरू झाले. कामे मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के.

यावर काही जण सुचवतात की पगारबिले, लेखे असली कामे तालुक्याला एकत्र करा. ही सूचना मान्य करण्यासारखी आहे. पगारबिलाला शाळेच्याच चार भिंती लागतात असे नाही. पण जनरल रजिस्टर तालुक्याला नेता येत नाही, आणि दाखला घ्यायला आलेल्या आईला तालुक्याला धाडता येत नाही. मुलांच्या नोंदीचे काम जिथे मूल आहे तिथेच व्हायला हवे. फार लहान शाळा असतील तर जवळच्या दोन शाळांत एक पूर्णवेळ लिपिक आणि त्याचे ठरलेले वार, हा मार्ग आहे. शून्य हा मार्ग नाही.

शेवटचा आक्षेप असा की एवढा पैसा असेलच तर तो आधी शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर का नको? कारण शिक्षक आणि लिपिक यांतला निवडीचा प्रश्नच चुकीचा आहे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. पण भरलेल्या जागेवरचा शिक्षक जर दुपारभर पोर्टलसमोर बसणार असेल, तर त्या भरतीचा काही भाग आपण आधीच वाया घालवला आहे. दुप्पट पगाराच्या माणसाकडून अर्ध्या पगाराचे काम करून घेणारे कुठलेही दुकान चार महिन्यांत बंद पडेल. शाळा बंद पडत नाही, तिथे फक्त मुले कमी शिकतात, आणि तो तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही म्हणून धोरण चालू राहते.

मग करायचे काय? पहिले, प्रत्येक अनुदानित माध्यमिक शाळेला विद्यार्थिसंख्या कितीही असो लिपिकाच्या कामाची किमान हमी हवी, आणि त्यापुढची पदे संख्येप्रमाणे. टप्पा अनुदानावरच्या शाळाही यात याव्यात. दुसरे, रिकामी पदे केंद्रीय परीक्षेने आणि गुणवत्ता यादीने भरावीत, भत्त्याने नव्हे. तिसरे, कोणत्याही खात्याने नवे पोर्टल आणले तर त्याने आधी एक जुने बंद करावे, आणि शाळांवर किती तासांचे काम वाढणार याचा हिशेब शासन निर्णयातच छापावा. चौथे, दाखला, बोनाफाईड, नोंदीचा उतारा या सेवांना लोकसेवा हक्क कायद्याखाली ठराविक दिवसांची मुदत घालून ती मुदत शाळेच्या दारावर लावावी, म्हणजे ताटकळत ठेवणाऱ्या लिपिकालाही उत्तर द्यावे लागेल. पद मागायचे तर पदाची जबाबदारीही मागितली पाहिजे.

हे वाचणाऱ्या पालकांना एक विनंती. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत निकालाबरोबर तीन प्रश्न विचारा: आपल्या शाळेत लिपिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिकाम्या पदांचे काम सध्या कोणता शिक्षक कोणत्या तासाला करतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाचवलेला पगार कोण भरतो हे तुम्हाला कोणी वेगळे सांगायला लागणार नाही. ते उत्तर लिहून घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांना व आपल्या आमदारांना पाठवा.